फिरते, पण पेटत नाही

मंडळी, श्रावण लागला की आपल्या मंडळात दोन प्रश्न हमखास निघतात. मोदक कोण करणार आणि मखर कोण आणणार? पहिल्याचे उत्तर दरवर्षी बदलते. दुसऱ्याचे मात्र गेली अठरा वर्षे ठरलेले होते. आमच्या शेजारचे आजोबा आपली जुनी पिकअप काढायचे. मखराच्या फळ्या, सतरंज्या, समया आणि ढोल मागच्या हौद्यात चढवायचे, वर ताडपत्री बांधायचे आणि गाडी थेट हॉलच्या दारात आणून उभी करायचे. विसर्जनानंतर सगळे सामान तसेच परत. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. पाच मोदक मात्र मोजून घेत.

आजोबा या फेब्रुवारीत गेले. आमर्सफोर्टजवळच्या आमच्या गावात त्यांचा कोंबड्यांचा धंदा होता आणि याच गाडीतून ते बार्नेफेल्डच्या बाजारात अंडी नेत असत. गाडी १९७४ सालची फोक्सवॅगन, मागे इंजिन, वर उघडा हौदा. शेवटची दोन वर्षे ते आजारी होते. गेल्या गणपतीला त्यांनी ती कशीबशी चालवली, नंतर ती कोठारात पडून राहिली. ऑगस्टमध्ये आजींनी मला बोलावून सांगितले, ‘सोमवारी भंगारवाला येणार आहे. त्याआधी सुरू झाली तर गाडी तुमच्या मंडळाला. नाही झाली तर जाऊ द्या, मला ती रोज बघवत नाही.’

तो शनिवार होता. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली होती, ती बसवली आणि किल्ली फिरवली. सेल्फ लागला, इंजिन घरघर फिरले, पण पेटले नाही. दहा वेळा केले, तेच. मग माझ्यासारखा शिकलेला माणूस जे करतो ते मी केले: दुकानात जाऊन नवे प्लग, नवी कॉइल आणि पेट्रोलचा फिल्टर घेऊन आलो. प्लग बदलले. काही फरक नाही. फिल्टर बदलला. काही फरक नाही. कॉइल बदलायला पाना उचलला तेव्हा सौ. कोठाराच्या दारात चहा घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘दादांना फोन का करत नाही?’

हा लेख त्या फोनचा आहे, आणि त्या निमित्ताने मी वाचलेल्या इतिहासाचाही. गाडी ‘फिरते, पण पेटत नाही’ ही तक्रार मोटारीइतकीच जुनी आहे.

दादा

दादाची ओळख करून द्यायला हवी. १९६७ साली आमचे वडील गेले तेव्हा दादा मॅट्रिकला होता. परीक्षा देऊन तो सांगलीत मिरज रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये लागला. तिथे जीप, फियाट आणि अँबॅसिडर यांचे काम चाले. पुढे तो एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेला आणि २००९ साली तिथूनच निवृत्त झाला. त्याच्या पगारातून माझी वालचंद महाविद्यालयाची फी भरली गेली. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, हे मी पुढे पुस्तकात वाचले. त्या गाड्यांच्या पोटात हात घालणारा माझा भाऊ होता, आणि त्यांचा इतिहास वाचणारा मी. ही वाटणी मला तेव्हा अगदी स्वाभाविक वाटली होती.

सुट्टीत मी गॅरेजमध्ये जाई तेव्हा दादा माझ्या हातात बॅटरी द्यायचा आणि म्हणायचा, ‘नुसता उजेड धर.’ माझे लक्ष मात्र शर्टाला ग्रीस लागू नये याकडे असे. १९८६ साली मी हॉलंडला आलो. त्यानंतर इतक्या वर्षांत आमचे फोनवर पुष्कळ बोलणे झाले: पाऊस, ऊस, आईचे औषधपाणी, मुलांची लग्ने. पण त्याच्या कामाबद्दल मी त्याला एकही प्रश्न विचारल्याचे मला आठवत नाही.

शनिवारी संध्याकाळचे पाच वाजले होते, म्हणजे सांगलीत साडेआठ. मी व्हिडिओ लावला तर म्हणाला, ‘चित्र नको. आधी सांग, गेल्या वर्षी कशी चालत होती?’

मला वाटले होते की तो आताचे विचारील. मी आठवून सांगितले: आजोबा कुरकुर करत होते की गाडीला दम राहिला नाही, पुलाचा चढसुद्धा ओढत नाही, इंजिन तापते आणि सकाळी सुरू व्हायला वेळ घेते. दादा नुसते ‘हं’ म्हणाला. मग म्हणाला, ‘फोन इंजिनापाशी धर आणि वहिनींना सेल्फ मारायला सांग.’

फिरण्याचा आवाज

सौ.ने किल्ली फिरवली, मी फोन धरला. दहा सेकंदांनी दादा म्हणाला, ‘बास. चारी सारखे बोलतायत. वेगही चांगला आहे. बॅटरी, सेल्फ आणि दाब, तिन्ही सोडून दे.’

सेल्फ इंजिन फिरवतो तेव्हा प्रत्येक सिलिंडर हवा दाबताना त्याला अडवतो आणि दाबून झाली की सोडतो. चारही सिलिंडरांची अडवणूक सारखी असेल तर आवाजाला सारखा ठेका येतो. एखादा व्हॉल्व्ह जळला असेल, रिंगा गेल्या असतील, तर त्या जागी ठेका घसरतो. आपल्या तबलजीला जसे एक मात्रा चुकल्याचे कळते तसे मेस्त्रीला हे कळते. या इंजिनात कॅमशाफ्ट गिअरने फिरतो. पट्टा तुटला, साखळी घसरली हा प्रकारच नाही. तेव्हा व्हॉल्व्हची वेळही बहुधा शाबूत होती.

‘सेल्फ’ हा शब्द आपण इतका सहज वापरतो की त्यामागचा इतिहास विसरतो. पूर्वी इंजिन हातानेच फिरवावे लागे. पुढच्या बाजूने हँडल घालायचे आणि जोर काढायचा. इंजिन मध्येच उलट उसळले तर हँडल हाताचे हाड मोडी. आपल्याकडे जुन्या ट्रकांचे क्लीनर हँडल कसे धरायचे हेच आधी शिकत: अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा सेल्फ-स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसून आला. हँडल गेले, आणि ‘फिरते, पण पेटत नाही’ ही तक्रार बसल्या जागी करण्याची सोय झाली!

टोपीची पिन आणि मोज्याचा पट्टा

इंजिन फिरत असेल आणि दाब ठीक असेल, तर पेटण्यासाठी आणखी दोन गोष्टी लागतात: इंधन आणि वेळेवर ठिणगी. हे दोन्ही प्रश्न रस्त्यावर सर्वप्रथम सोडवले ते एका बाईने. १८८६ साली कार्ल बेंझ यांना त्यांच्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळाले, पण लोक ती विकत घ्यायला धजत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांची पत्नी बर्था नवऱ्याला न विचारता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली, एका बाजूचे अंतर शंभर किलोमीटरांहून अधिक. वाटेत इंधन संपले तेव्हा वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे द्रव्य विकत घेऊन तिने ते टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन घालून ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली तेव्हा मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली, असे सांगतात.

इंधन येते का? करंट येतो का? आजही कुठल्याही गॅरेजमध्ये हेच दोन प्रश्न ऐकू येतात.

आमच्या गाडीकडे वळू. दादाने एअर फिल्टर काढायला लावला. ‘कार्बोरेटरच्या गळ्यात बघ आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढ. पिचकारी उडते का?’ उडाली. पेट्रोलची बारीक धार स्पष्ट दिसली. ‘आता एक प्लग काढ. ओला की सुका?’ ओला होता, पेट्रोलचा वास मारत होता. ‘म्हणजे पेट्रोल टाकीतून पंपात, पंपातून कार्बोरेटरात आणि तिथून सिलिंडरात पोचलंय. तुझा नवा फिल्टर फुकट गेला.’

कार्बोरेटरला आपण आज जुनाट समजतो, पण त्यामागेही मोठी धडपड आहे. सुरुवातीच्या गाड्यांत हवा नुसती पेट्रोलच्या पृष्ठभागावरून जायची आणि जेवढी वाफ मिळेल तेवढी घ्यायची. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत डोनात बांकी व यानोश चोंका यांनी बारीक छिद्रातून पेट्रोल फवारण्याची युक्ती काढली. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे साडेचौदा-पंधरा भाग हवा लागते. फार कमी पेट्रोल असेल तर पेटत नाही, आणि फार झाले तर प्लग भिजून जातो. त्यालाच आपले मेस्त्री गाडी ‘ओव्हर’ झाली म्हणतात.

जाता जाता हॉलंडमधल्या जुन्या गाड्यांच्या मालकांसाठी एक सूचना. ऑक्टोबर २०१९ पासून इथल्या बहुतेक पंपांवर साधे पेट्रोल ‘ई १०’ असते, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. सहा महिने उभी राहणारी जुनी गाडी असेल तर नळ्या एकदा बोटाने दाबून पाहा. कडक झाल्या असतील, भेगा पडल्या असतील तर आधी त्या बदला. त्यात आगीचा धोका आहे.

पोन यांची वही आणि अंड्यांची गाडी

दादा जेवलेला होता, पण त्याला औषध घ्यायचे होते. तो पाच मिनिटांनी परत येतो म्हणाला. तेवढ्यात या गाडीची जन्मकथा सांगून घेतो, कारण तिचा उगम आमच्या आमर्सफोर्टशी जोडलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यात होता आणि मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो पुन्हा चालता केला होता. तिथे अवजड सुटे भाग इकडून तिकडे न्यायला कामगारांनी बीटल गाडीच्या सांगाड्यावर एक सपाट हातगाडीवजा वाहन बनवले होते. त्यात चालक मागे इंजिनावर बसे आणि माल पुढे असे. आमर्सफोर्टचे मोटार-व्यापारी बेन पोन यांनी ते पाहिले. २३ एप्रिल १९४७ रोजी त्यांनी आपल्या वहीत एक साधे चित्र काढले: पावाच्या लादीसारखी पेटी, चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे, मधल्या जागेत माल. त्याच वर्षी पोन हॉलंडसाठी फोक्सवॅगनचे आयातदार झाले. त्या रेघोट्यांवरून तयार झालेली ट्रान्सपोर्टर गाडी मार्च १९५० मध्ये कारखान्यात बनू लागली आणि १९५२ साली तिचाच उघड्या हौद्याचा, म्हणजे पिकअपचा, अवतार आला.

युद्धाने लुटलेल्या देशाला ही गाडी हवीच होती. जर्मनांनी असंख्य मोटारी जप्त केल्या होत्या. उरलेल्यांपैकी काही पेट्रोलअभावी लाकडाच्या धुरावर चालवल्या गेल्या होत्या. अशा खिळखिळ्या गाड्या रस्त्यावर परतल्या तेव्हा १५ एप्रिल १९४६ रोजी ए.एन.डब्ल्यू.बी. या संस्थेने ‘वेखेनवाख्त’ सुरू केली. ही संस्था मुळात १८८३ साली सायकलवाल्यांनी काढलेली. सुरुवातीला सात माणसे, लष्कराच्या जुन्या मोटारसायकली आणि शेजारच्या डब्यात हत्यारे, एवढाच पसारा होता. रस्त्याकडेला बंद पडलेल्या गाडीपाशी थांबायचे, कारण शोधायचे आणि जमल्यास तिथेच सुरू करून द्यायची, हे त्यांचे काम. पुढे १९६० पासून महामार्गांच्या कडेला मदत मागण्यासाठी पिवळे बोलके खांब उभे राहिले. मोबाइल आल्यावर त्यांची गरज संपली आणि २०१७ साली ते बंद झाले. माझ्या पिढीच्या पुष्कळांनी त्या खांबाशी थंडीत कुडकुडत मोडक्या डचमध्ये संभाषण केले आहे. भाषेची परीक्षा घ्यावी तर अशी!

दुरुस्ती करणाऱ्या हातांनी या देशात काय उभे केले त्याचे आणखी एक उदाहरण आइंडहोव्हनला आहे. हुब व्हान डोर्न हा लोहाराचा मुलगा, १९०० साली लिंबुर्खमधल्या ‘अमेरिका’ नावाच्या खेड्यात जन्मलेला. एका मद्यनिर्मिती कारखान्याचे संचालक ह्युंगेस यांची मोटार तो वेळोवेळी दुरुस्त करत असे. त्याच्या कामावर ते इतके खूश झाले की त्यांनी स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल देऊ केले आणि आपल्या आवारातच जागा दिली. १ एप्रिल १९२८ रोजी ते छोटे वर्कशॉप सुरू झाले. हुब आणि त्याचा भाऊ विम यांनी त्यातूनच ‘डाफ’ हा कारखाना उभा केला. आधी ट्रेलर, १९४९ पासून ट्रक आणि १९५८ पासून पट्ट्यावर चालणाऱ्या, गिअर न बदलाव्या लागणाऱ्या छोट्या मोटारी. आपल्यापैकी आइंडहोव्हनकडे राहणाऱ्यांनी तिथले डाफ संग्रहालय जरूर पाहावे. इतका मोठा उद्योग, आणि सुरुवात काय, तर कुणाची तरी गाडी कुणीतरी नीट बघितली!

ठिणगीची गोष्ट

दादाचा फोन आला. ‘आता करंट बघू. कॉइलची मधली जाड तार डिस्ट्रिब्यूटरमधून काढ. रबरी मुठीच्या पकडीत धर, टोक इंजिनाच्या लोखंडापासून अर्धा सेंटिमीटर. कार्बोरेटरपासून लांब हो, तिथं पेट्रोल आहे. आणि काढलेला प्लग आधी परत बसव.’ सौ.ने सेल्फ मारला. तारेच्या टोकाशी काहीही झाले नाही. ना चटचट, ना निळा प्रकाश.

‘सापडलं घर,’ दादा म्हणाला. ‘आता खोली शोधायची.’

ठिणगी हे मोटारीच्या इतिहासातले सर्वांत अवघड प्रकरण. १८६० साली लेन्वार यांनी आपल्या गॅस इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती, पण ती भरवशाची नव्हती. ऑटो यांच्या १८७६ च्या चार-स्ट्रोक इंजिनात उघडी ज्योत होती. डाइम्लर यांनी बाहेरून तापवलेली लालभडक नळी लावली. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १८९७ साली एका तीनचाकीवर मॅग्नेटो बसवला आणि १९०२ साली त्यांच्याकडच्या गोटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार केला. केटरिंग यांनी सेल्फच्या आधी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी कॅडिलॅकसाठी केली. ती १९१० च्या गाड्यांत आली आणि पुढची साठ वर्षे जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावरच चालल्या. आपली फियाट, अँबॅसिडर आणि पेट्रोल जीप याच वंशातल्या.

तत्त्व फॅरेडेचे, १८३१ सालचे. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून बॅटरीचा प्रवाह वाहतो आणि चुंबकत्व साठते. पॉइंट उघडले की प्रवाह एकदम तुटतो, चुंबकत्व कोसळते आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उठतो. तोच प्लगच्या टोकाशी उडी मारतो. पॉइंटच्या शेजारचा कंडेन्सर, पॉइंटवरच ठिणगी पडून ते जळू नयेत म्हणून असतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरते तेव्हा पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात. म्हणजे ठिणगी जन्मते ती पॉइंट उघडण्याच्या क्षणी. मिटून राहिलेले पॉइंट प्रवाह वाहू देतात, पण ठिणगी कधीच देत नाहीत.

हे मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षी शिकलो होतो. प्रश्नपत्रिकेत आकृतीसह लिहिले होते आणि चांगले गुणही मिळाले होते. पण कोठारात गुडघ्यावर बसलेल्या मला त्याचा उपयोग करता येत नव्हता, कारण कुठला प्रश्न आधी विचारायचा हे मला कुणी शिकवले नव्हते. खरे तर शिकवणारा घरातच होता.

खोली सापडते

‘टेस्ट लॅम्प आहे?’ नव्हता. बारा व्होल्टचा एक दिवा आणि दोन तारा जोडून केला. दादा एकेक पायरी सांगत गेला. मी इथे क्रमाने लिहितो, म्हणजे कुणाला कधी उपयोगी पडेल.

किल्ली चालू. दिव्याची एक तार इंजिनाच्या लोखंडाला, दुसरी कॉइलच्या किल्लीकडच्या टोकाला. दिवा लागला. म्हणजे किल्लीपासून कॉइलपर्यंत वीज येते.

मग तीच तार कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जिथून डिस्ट्रिब्यूटरकडे तार जाते. सेल्फ मारला. इथे दिवा लुकलुकायला हवा: पॉइंट मिटले की विझतो, उघडले की लागतो. आमचा दिवा विझलेलाच राहिला.

याचे दोन अर्थ होतात. एक तर कॉइल आतून तुटली आहे, किंवा पुढची वाट कायमची लोखंडाला टेकलेली आहे. दादाने डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी तार सोडवायला लावली. दिवा लागला! ‘म्हणजे कॉइल चांगली आहे. तुझी नवी कॉइल दुकानात परत दे.’ मग ती तार जोडून कंडेन्सरची तार सोडवली. दिवा पुन्हा विझलेला. म्हणजे कंडेन्सरही निर्दोष.

‘आता डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढ. किल्ली बंद कर. पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरव आणि पॉइंटकडे बघ.’

मी फिरवत गेलो. सौ. बॅटरी धरून उभी होती, नुसता उजेड. मधल्या कॅमला चार उंचवटे असतात. उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली, म्हणजे त्या छोट्या फायबरच्या तुकड्याखाली आला की पॉइंट उघडायला हवेत. पहिला उंचवटा आला आणि गेला. दुसरा गेला. पॉइंट हललेसुद्धा नाहीत. टाच झिजून सपाट झाली होती.

मी सांगितले. दादा हसला. ‘गेल्या वर्षी दम नव्हता म्हणालास, तापत होती म्हणालास, तेव्हाच वाटलं होतं. गॅप कमी होत गेला की ठिणगी उशिरा पडते. गाडी ओढत नाही, तापते, सकाळी त्रास देते. शेवटी केसाएवढा उरलेला गॅपही संपला. कॅमवर वर्षातून एकदा ग्रीसचा थेंब लावायचा असतो. तो कुणी लावला नाही. बिचारे आजारी होते.’

गॅप ०.४ मिलिमीटर हवा. माझ्याकडे फीलर गेज नव्हता. दादा म्हणाला, ‘दाढीचं पातं आहे? जुन्या पद्धतीचं, दुधारी? ते एक दशांश मिलिमीटर असतं. चार पाती एकावर एक ठेव.’ माझ्याकडे ती पाती निघाली, कारण मी अजून तीच वापरतो. पॉइंट पॉलिश पेपरने हलकेच घासले, पुसले, उंचवट्यावर आणून चार पात्यांएवढी फट ठेवून स्क्रू आवळला. कॅमवर ग्रीसचा एक थेंब लावला. टोपी बसवली, तार लावली.

सौ.ने किल्ली फिरवली. दुसऱ्याच फेऱ्यात इंजिन खोकले आणि मग ती ओळखीची फटफट सुरू झाली. नवे पॉइंट मी पुढच्या आठवड्यात बसवले आणि ठिणगीची वेळही लावून घेतली, कारण गॅप बदलला की वेळ बदलते. पण त्या संध्याकाळी चार पात्यांवर काम भागले. आवाज ऐकून आजी मागच्या दारात आल्या. काही बोलल्या नाहीत, ॲप्रनला हात पुसत तशाच उभ्या राहिल्या.

डिझेलचे वेगळे, आणि आजचेही

इंजिन चालू असताना मी दादाला विचारले, ‘एस.टी.त तर सगळं डिझेल. तिथं कसं करायचास?’

‘तिथं करंटचा प्रश्नच नाही. फिरतंय आणि पेटत नाही म्हटलं की आधी डिझेल आणि त्यात शिरलेली हवा. एअर काढायची. मग दाब.’

डिझेल इंजिनात हवा अठरा-वीस पट दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे हे इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये यशस्वी झाले. त्यांचा शेवट मात्र आपल्या या किनाऱ्याशी जोडलेला आहे. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या बोटीवरून ते नाहीसे झाले. ऑक्टोबरमध्ये एका डच बोटीला समुद्रात प्रेत सापडले. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेऊन प्रेत परत पाण्यात सोडले आणि फ्लिसिंगनला त्या वस्तू डिझेल यांच्या मुलाने ओळखल्या. त्यांच्या इंजिनावर पुढे आपली लाल एस.टी. खेडोपाडी गेली आणि त्याच इंजिनांवर आमच्या घराची चूल पेटली.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत. १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले, पुढे कार्बोरेटरही गेला. युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल मोटारींना दोष नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली. यंत्र जोडले की कोड दिसतो. मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केले, तेव्हा त्याला नावे ठेवणार नाही. पण कोड सांगतो की अमुक सेन्सरकडून चुकीचा आकडा येतो आहे. सेन्सर बिघडला, तार तुटली की आकडाच खरा आहे, हे अजूनही माणसालाच ठरवावे लागते. आणि कोड पाहून लगेच भाग बदलणारा मेस्त्री आणि प्लग, फिल्टर, कॉइल विकत आणणारा मी, आम्ही दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी. दादाची शाळा वेगळी. आधी गाडीला काय काय येते ते बघायचे, ते बाजूला ठेवायचे, आणि राहिलेल्यातले अर्धे प्रत्येक प्रश्नागणिक कमी करायचे. त्याने त्या संध्याकाळी मला एकही भाग विकत घ्यायला लावला नाही, दोन परत करायला लावले.

फोन ठेवण्यापूर्वी मी म्हणालो, ‘दादा, हे सगळं तू मला तेव्हा का नाही शिकवलंस?’

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘तुझ्या हाताला ग्रीस लागू नये म्हणूनच तर मी गॅरेजात गेलो होतो. पण उजेड तू चांगला धरायचास.’

मला काही उत्तर सुचले नाही. इंजिन चालू होते, त्यामुळे ऐकू आले नाही असे दाखवता आले.

तर मंडळी, गाडी आता मंडळाची आहे. तिची कागदपत्रे झाली. आजींनी हौद्यावरची ताडपत्री धुऊन दिली आहे. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी नऊ वाजता मखर आमच्या घरून निघेल. पाच मोदक मोजून आजींकडे पोचवायचे आहेत, त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावी. आणि ज्या तरुण मंडळींना टेस्ट लॅम्प कसा लावायचा ते पाहायचे असेल त्यांनी थोडे लवकर यावे. दादा फोनवर असेल. शर्ट जुना घालून या.